टाकीत दोन बादल्या पाणी

इंदोरा, नागपूर
सोमवार, दि. ११ सप्टेंबर १९७८

तीर्थरूप बाबांस विश्वनाथचा सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे. कांताआत्याची कंबर कशी आहे? तुम्ही गडबडीत चष्मा इथेच विसरून गेलात, तेव्हा हे पत्र आत्याच्या वच्छलाकडून वाचवून घ्या. तिनेही ऐकलेलं बरं.

सर्व ठीक आहे असं लिहिलं खरं, पण तीन दिवस मला अन्न गोड लागत नाही. तुमच्या प्रेसवरच्या लहानूची दोनच बोटं वाचली, मूठ वळेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. आज सकाळी दहा वाजता हिंगण्याच्या कारखान्यात चौकशीची शेवटची बैठक आहे. तुम्हाला कामावरून काढणार हे ठरल्यासारखंच आहे.

वीस वर्षं तुम्ही कापसाच्या गाठी दाबणारी प्रेस चालवली. तिच्या टाकीत पाणीच असायचं. मग मी तुम्हाला आमच्या कारखान्यात लावलं. नवी प्रेस पाहून तुम्ही बिचकलात, तेव्हा मी आपली हुशारी पाजळली. म्हटलं, हायड्रॉलिक हा मूळचा ग्रीक लोकांचा शब्द. हुदोर म्हणजे पाणी, औलोस म्हणजे नळी. पाण्याच्या जोरावर वाजणारा एक बाजा होता त्यांचा, त्यावरून शब्द आला. तुम्ही म्हणालात, "मंग आपली जुनी प्रेसबी वाजेच गा." आई गेल्यापासून पहिल्यांदा हसला होतात.

या प्रेसमध्ये तेल असतं, एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं. पातळी उतरलेली दिसली, तुम्ही दोन बादल्या पाणी ओतलं. आठवड्यात टाकीतलं तेल ताकासारखं पांढरं झालं, झडप अडकली आणि वरचा ठोकळा थांबायच्या जागी थांबला नाही. खाली लहानूचा हात होता.

साहेबांनी विचारलं, पाणी टाकायला कोणी सांगितलं? तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्याच मनानं टाकलं साहेब. मले कोनी सांगतलं नाई."

मी शेजारीच उभा होतो. माझी नोकरी अजून कायम नाही, गोपिकेला सातवा महिना लागला आहे, हे सगळं त्याच वेळी आठवलं. मी गप्प राहिलो. त्याची लाज वाटते, बाबा.

आज मी बोलणार आहे. पण मला माझाच भरवसा नाही. साहेबांसमोर पुन्हा तोंड उघडलं नाही तर, ही धास्ती आहे. म्हणून कंपनीची बस धरण्याआधी हे पत्र पेटीत टाकतो. टाकलं की परत काढता येत नाही.

वच्छला, एवढं जरा मोठ्याने वाच, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. चूक बाबांची नव्हती. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं.

तुम्हाला अर्धंच शिकवलेला
आपला मुलगा
विश्वनाथ