इंझोरीचा प्लॉट दान झालेला नाही

मी, पंचफुला सखाराम पडघान, वय ६७, अविवाहित, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, दोन कारणांनी हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. आणि मागच्या पौर्णिमेला इंझोरीच्या विहारात माझा धाकटा भाऊ जानराव याने, मला न विचारता, माझा तिथला प्लॉट सभागृहासाठी दान झाल्याचे माइकवर जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गेल्यास कायद्याने सर्व त्याच्याकडे जाईल, आणि तो दिलेला शब्द पाळेल. तो शब्दाचा पक्का आहे, हीच अडचण आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. दबावाखाली असते तर प्लॉट देऊन मोकळी झाले असते.

१. हा प्लॉट माझ्या पगारातून घेतलेला आहे. तो जानरावची मुलगी, माझी भाची धम्मदीपा, हिला मिळावा. तिला जर्मनीत रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. तिथे वर्षभर राहण्याचा खर्च आधी खात्यात दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, आणि बँक तारणाशिवाय कर्ज देत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचे नाव आले नाही. हा प्लॉट हेच तारण. ऑपरेशनमधून उठले तर बँकेत मी स्वतः जाईन.

जानरावला मी जाब विचारला. म्हणाला, "बाई, मले वाटलं गावात तुयं नाव होईन." मी म्हटले, नाव शाळेच्या हजेरीपटावर पुरेसे लिहून झाले. पोरीच्या शिक्षणाचे काय, हेही विचारले. त्याच्या मनात कपट नव्हते. पण विहारातला शब्द परत घ्यायला त्याची जीभ उचलत नाही.

२. मंगरूळपीरचे घर जानरावला. मला एम.एस्सी.ला जागा मिळाली तेव्हा, मुलीला आता नोकरी बरी, असे घरात ठरले. ठरवणाऱ्यांत जानराव नव्हता, तो लहान होता. म्हणून घर देताना राग धरत नाही. ठरवणारे आता नाहीत.

३. बँकेतील रकमेतून दवाखान्याचे बिल भागवून उरेल ते धम्मदीपाच्या प्रवासासाठी. अंत्यविधी साधा करावा, जेवणावळ नको.

४. माझी पुस्तके दोन्ही कपाटांसह विहाराला. माझ्या नावाची पाटी लावू नये. विहाराचे अध्यक्ष इंद्रभान यांना हे मी समक्ष सांगितले आहे. ते नाराज आहेत. असोत.

५. अंमलबजावणी निवृत्त मुख्याध्यापक माणिकराव भगत यांनी करावी. धम्मदीपाला लग्नाचे कारण सांगून कोणी अडवल्यास त्यांनी माझ्यासारखेच बोलावे.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: पंचफुला सखाराम पडघान
साक्षीदार: १. बेबीबाई अंभोरे, शेजारी २. राजू गवई, औषध दुकानदार
मंगरूळपीर, दि. १५ नोव्हेंबर २०२५

सुपूर्द केल्याची नोंद: आज सहीनंतर प्लॉटचे मूळ खरेदीखत धम्मदीपापुढे ठेवले. तिने हात लावला नाही. म्हणाली, "आत्या, बाबाले विहारात मान खाली घालून बसा लागन." जानराव दारात उभा होता. त्याने आत येऊन खरेदीखत उचलले, तिच्या पिशवीत घातले, आणि चहा न घेता निघून गेला. खरेदीखत पोचले.