पाय चालून राहिले

भिलाई,
१९ फेब्रुवारी १९६१

सौ. वासंती अच्युत आगाशे हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे क्षेम विचारण्याची सोय उरलेली नाही. माझी प्रकृती ठीक आहे. नोकरीचा राजीनामा मंजूर झाला असून आज क्वार्टर रिकामे करून पुण्यास निघत आहे.

एका गोष्टीचा उलगडा मात्र होत नव्हता. जिन्यावरून पडल्यापासून तुझे पाय निर्जीव होते. मग तुझ्या टाचांना अंगणातील लाल माती कशी लागत असे? विचारले, तेव्हा "खिडकीतून कारखान्याची धूळ येते" असे म्हणून तू भिंतीकडे पाहिलेस. धूळ टाचांनाच निवडून लागत नाही, वासंती.

तुझे दिवसकार्य उरकल्यावर शेजारची पंचफुला म्हणाली, "बाईचे पाय चालून राहिले होते, साहेब." ती इस्पितळात आया आहे आणि मी कामावर असताना तुझ्याजवळ बसत असे. तिला स्वयंपाकघरापर्यंत येऊ देण्यास मी हरकत घेतली नव्हती, हे तुला स्मरत असेल.

आपल्याकडे 'चालून पाय राहिले' याचा अर्थ एकच: ते गळून गेले. म्हणजे माझ्या अपरोक्ष हिने तुला चालवले आणि त्या श्रमाने तुझा अंत झाला. तक्रार करून तिची नोकरी घालवावी, असे मी ठरवले. आज सकाळी प्रथम तिलाच जाब विचारला.

"पाय राहिले, असे तूच म्हणालीस ना?"

तिचा नवरा जानराव दाढी करीत होता. तो हसला. "अहो साहेब, मी दाढी करून राहिलो, म्हंजे काय दाढी करता करता मेलो?"

"तुमी चूप बसा जी!" पंचफुला त्याच्यावर ओरडली. मग मला म्हणाली, "चालत होते, साहेब. मी अन् माही नणंद चंपा, दोघी काखेत धरू. पायावर भार देला अन् तो मांग तानला, का आपोआप पुढं येत जाये. बाई म्हनत, म्या नाही टाकला वं, त्यानंच टाकला."

मी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, असे घडू शकते. पायावरचा भार आणि मांडीचा ताण यांची वर्दी स्नायू मज्जारज्जूला देतात; मग मेंदूचा निरोप न पोहोचताही पाऊल उचलले जाऊ शकते. तुझा मृत्यू मूत्रपिंडाच्या विकाराने झाला, चालण्याने नव्हे.

परतताना पंचफुलाबाईंना विचारले, "माझ्यापासून का लपवलेत?"

"बाईच म्हने, साहेबाले सांगू नको. ते म्हनतीन, चाल. अन् हे हुकमानं चालत नाही."

हे शब्द तुझे की त्यांचे, याविषयी मला अजूनही शंका आहे. त्यांतील 'साहेब' मात्र मला ओळखता आला. मी तसेच म्हणालो असतो. तुझ्या काखेत हात घालण्याचे मला सुचले असते किंवा कसे, याविषयी येथे काही लिहीत नाही.

तक्रार केलेली नाही.

तुझा,
अच्युत

ता. क. दाराला कुलूप लावले. किल्ल्या कार्यालयात परत केल्या.