दंडाच्या अलीकडे, पलीकडे

अण्णा, आज आमच्या शाळेत सिनेमाचं यंत्र आलं. बेळगावात, मुलींना मास्तरीण करणाऱ्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, "दिवा कशाचा गं? घासलेटचा?" विजेचा आहे, अण्णा. वात कापायला नको, काजळी पुसायला नको. आणि पडदा विकतचा, पांढराशुभ्र, लाकडी चौकटीत ताणलेला. मुली यंत्राकडं बघत होत्या आणि मी पडद्याकडं. घेवड्याच्या बीला मोड कसा येतो, वेल कसा वर चढतो, हे सगळं त्या चित्रात डोळ्यांदेखत होतं. मुली "अगं बाई!" म्हणून एकमेकींना बिलगल्या. चित्र मुकं आहे, मधे मधे इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून मी पडद्याशेजारी उभी राहून आधी मराठीत सांगत होते, मग कानडीत. ही सवय तुमचीच. सांगता सांगता माझी नजर पडद्याच्या मध्यावर जायची आणि तिथं एक उभी रेघ शोधायची. नव्हती. नाही हे बघून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची मग अशी लाज वाटली की घरी येऊन आधी लिहायला बसले. चूल अजून पेटवलेली नाही.

निपाणी आणि चिकोडीच्या मधलं ते गाव, देवळात भरणारी आपली शाळा. शाळेचे तुम्ही एकटे मास्तर, आणि एवढ्या पोरांत मी एकटी पोरगी, तीही मास्तरांची म्हणून बसवून घेतलेली. शाळाखात्यानं तालुक्यात फिरवायला मॅजिक लँटर्न पाठवला आणि तो चिकोडीहून बैलगाडीतनं, पेंढ्यात गुंडाळून आपल्याकडं आला. गाव त्याला चित्रांचा कंदील म्हणायचं. आत दिवा, पुढं भिंग, मधे काचेवरचं चित्र. शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला येईपर्यंत तो आपल्याकडं राहणार होता, आणि पोरं त्यावर खरोखर काही शिकली असं साहेबांना दिसलं तर कायमचा. तो तुम्हाला किती हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. काचा पुसताना तुम्ही श्वास रोखून धरायचा. आईला एकदा म्हणालात, "अगं, ह्या पोरांनी समुद्र बघितला न्हाई, आगबोट बघितली न्हाई. मी नुसतं तोंडानं किती सांगू?" स्वतःसाठी तुम्ही काही मागितलेलं मला आठवत नाही. तो कंदील तेवढा मागितलात.

अडचण भिंतीची होती. देवळाच्या भिंती काळ्या दगडाच्या. एका भिंतीला चुना लावू का, म्हणून तुम्ही पंचांना विचारलंत, तर ते म्हणाले, "देवाच्या दारात तमाशा मांडतासा व्हय, मास्तर?" मग आईनं ट्रंकेतनं तुमचं धोतर काढून दिलं. चांगलं म्हणावं असं ते एकच. मधोमध विरलं होतं, तेव्हा तिनं विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडले होते, दंड घातला होता. चारचौघांत जाताना तुम्ही ते असं नेसायचा की दंड बरोबर निऱ्यांत जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तेच धोतर काळ्या भिंतीवर आडवं ताणलं गेलं आणि आपल्या घरातली ती शिवण साऱ्या शाळेपुढं उभी राहिली.

दोन्ही दारांवर घोंगड्या टाकलेल्या आहेत, आत गावकऱ्यांनी रचून ठेवलेल्या तंबाखूच्या पोत्यांचा आणि घासलेटचा मिळून वास आहे, आणि तुम्ही पहिली काच उलटी घालता. काच उलटी घातली की चित्र सुलटं पडतं. सिंह. पोरं मागं सरकतात. मग एक धिटुकला विचारतो, "मास्तर, सिंहाच्या नाकाला टाकं घातल्यात व्हय?" तुम्ही मोठ्यानं हसता. "न्हाई रं, सिंह धडधाकट हाय. टाकं माझ्या धोतराला हाईत. दंड हाय त्यो." सगळी शाळा हसते. तुम्हाला त्यात काहीच वाटत नाही. मला मात्र वाटतं की जमीन फाटावी आणि मी आत जावं. त्या दिवसापासून पोरांनी मला दंडाबाई नाव ठेवलं. विहिरीवर, वाटेवर, तुमची पाठ वळली की दंडाबाई. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही.

आणि तुम्ही तर त्या दंडाचा धडाच केलात. हिंदुस्थानचा नकाशा पडला की छडी घेऊन म्हणायचात, "दंडाच्या डावीकडं मुंबई, आन खाली आपलं बेळगाव. उजवीकडं कलकत्ता. दंडाला धरून खाली या, शेवटाला समुद्र." मग तेच कानडीत. पोरांना डावं-उजवं असं पक्कं बसलं की त्यांना झोपेतनं उठवून विचारावं. आज मी मास्तरणींना शिकवते की चित्रात मुलांना एक खूण द्या, तिच्या आधारानं बाकीचं बसतं. हे मला पुस्तकांनी शिकवलं असं मी त्यांना भासवते.

तपासणीच्या दिवशी तुम्ही ते धोतर भिंतीवरनं काढून, धुऊन, नेसून आला होता. दुसरं चांगलं नव्हतंच. साहेब खुर्चीवर, शेजारी पंच. तुम्ही कंदील लावायला निघालात तर साहेब म्हणाले, "राहू द्या मास्तर, काचा मी पाहिलेल्या आहेत. मुलं काय शिकली ते पाहू." त्यांनी सगळ्यांना पाटीवर हिंदुस्थान काढायला लावला. आम्ही काढला, अण्णा. लंकेसकट काढला. साहेब एकेक पाटी बघत खूश होत चालले होते, तुमचा चेहरा उजळत चालला होता, आणि मग ते थांबले. सगळ्या पाट्यांवर हिमालयापासून खाली समुद्रापर्यंत एक सरळ उभी रेघ होती. आम्हाला वाटलंच नव्हतं की ती काढायची नसते. नकाशात ती होती, म्हणून पाटीवर होती.

"ही रेघ कसली?" साहेबांनी विचारलं. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली, एकदोघं तोंडावर हात धरून. साहेबांनीही मग मलाच विचारलं, "तू सांग, मुली." उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते एका शब्दाचं होतं. पण तो दंड त्या क्षणी तुमच्या निऱ्यांत होता, तुम्ही साहेबांच्या शेजारी हात जोडून उभे होता, आणि मी तो शब्द उच्चारला असता तर साहेबांनी, पंचांनी, सगळ्यांनी खाली तुमच्या धोतराकडं बघितलं असतं. मी म्हणाले, "नदी."

"कुठली नदी?"

मला तोंडपाठ अशी एकच नदी होती. ज्या नदीवर आई धुणं घेऊन जायची ती. "वेदगंगा, साहेब."

पंचांतला एक जण फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. तुमच्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, वेदगंगा हिमालयातून निघते?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं बघितलं असतं तर मी ते कधीच विसरून गेले असते. तुम्ही नुसतं बघितलंत, मग एकदा खाली आपल्या निऱ्यांकडं, आणि म्हणालात, "माझ्याकडनं चुकीचं सांगितलं गेलं, साहेब. पोरांचा दोष न्हाई." साहेब म्हणाले, "तोंडी चुकीचं सांगितलेलं मुलं विसरतात. चित्रात पाहिलेलं जन्मभर विसरत नाहीत. तेव्हा हे साधन जपून वापरणाऱ्याच्याच हाती असलेलं बरं." कंदील परत पेंढ्यात गुंडाळला गेला. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत तुम्ही देवळाच्या पायरीवर उभे होता.

घरी आई फुंकणीनं चूल फुंकत होती. ऐकून ती माझ्यावर उखडली. "खरं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळत हुतं? दंड काय आपल्याच घरात हाय व्हय? साऱ्या गावाच्या लुगड्यांना दंड हाईत!" तुम्ही पाटावर बसत म्हणालात, "ऱ्हाऊ दे गं. पोर लाजली. बापाची अब्रू झाकली तिनं." मग माझ्याकडं बघून हसलात, "खरं बाळ, दंड म्हणाली असतीस तर दंड बसला नसता बघ." आईही हसली. मी भाकरी खाल्ली. तुमची अब्रू त्या वेळी माझ्या ध्यानातसुद्धा नव्हती, अण्णा. मला पोरांच्या तोंडचं दंडाबाई ऐकायचं नव्हतं, साहेबांनी मला दंडवाल्या धोतराच्या मास्तराची पोर म्हणून बघायला नको होतं. तुम्ही मला चांगली समजलात आणि मी तुम्हाला समजू दिलं.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही ते धोतर भिंतीवर लावायचा. कोरं. कंदील नाही, काच नाही, दारावर घोंगड्याही नाहीत. छडी घेऊन विचारायचात, "सिंहाचं नाक कुठं हुतं? आगबोटीचा धूर कुठल्या अंगाला?" पोरं उठून बोट लावून दाखवायची, आणि बरोबर दाखवायची. "दंडाच्या उजवीकडं कोण?" "कलकत्ता!" सगळी शाळा ओरडायची. मी मान खाली घालून पाटी पुसत बसायचे. पुढं तुम्ही मला बेळगावला शिकायला धाडलंत, मला मास्तरीण झालेली बघितलंत, आणि गेलात. मधल्या एवढ्या वर्षांत हा विषय काढायला मला एक संध्याकाळ मिळाली नाही, असं मी कुणाला सांगितलं तर ते खोटं ठरेल.

आजचं तेवढं सांगायचं राहिलं. सिनेमा संपल्यावर मी मुलींना दरवर्षीसारखी वेदगंगेची गोष्ट सांगितली. ही माझी ठेवणीतली गोष्ट आहे. एका खेड्यात एक मास्तर, चित्रांचा कंदील, नकाशावर चुकून आलेली एक रेघ, आणि एक पोरगी म्हणते वेदगंगा. मुली पोट धरून हसतात, मग मी गंभीर होऊन सांगते, की चित्र दाखवून थांबू नका, मुलांनी त्यात काय बघितलं ते विचारा. ती पोरगी मी, हे आजवर एकाही वर्गाला सांगितलेलं नाही. आज खानापूरकडची एक मुलगी हसली नाही. शेतकऱ्याची लेक आहे, मागं बसते. तिच्या लुगड्याला दंड आहे, तो ती पदराखाली घेऊन बसते, हे मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं. ती उठली आणि म्हणाली, "बाई, पर ती रेघ कशाची हुती, खरं?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनंतर तीच. आणि या खेपेला पंच नव्हते, पोरं नव्हती, तुम्हीही शेजारी उभे नव्हता. तो शब्द ऐकला असता तर त्या मुलीनं पदर थोडा सैल सोडला असता, असंही मला त्याच क्षणी वाटलं.

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, म्हणून लिहवतं आहे. मी म्हणाले, "काचेला तडा गेला होता."