म्हाताऱ्याच्या पोटात पायथन

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७

शेवटची नोंद ११ मार्चची आहे. जवळजवळ सहा महिने एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. 'कामाचा ताण' असं कारण आधी लिहिलं होतं, ते खोडलं. खरं कारण असं, की मार्चमध्ये रोज लिहिण्याचा संकल्प केला, चार दिवस चुकले आणि मग वहीकडे बघायचीच लाज वाटू लागली.

आता लिहिणं भाग आहे. आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासतात. दुकानांकडून नंबर येतात, माझा प्रोग्राम काच किती जाड ठेवायची ते काढतो आणि ट्रेवर लावायचं लेबल छापतो. सतरा वर्षांपूर्वी सी भाषेत मी एकट्याने लिहिला. कारखान्यात सगळे त्याला 'म्हातारा' म्हणतात. मी मनाला लावून घेत नाही. (हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. म्हणजे थोडं लावून घेतो.)

काल साहेबांनी बोलावलं. प्रत्येक दुकानाची अट वेगळी, प्रत्येक अटीसाठी तुमच्याकडे यायचं आणि तुम्ही तीन आठवडे घेणार, असं किती दिवस चालायचं, म्हणाले. नवा प्रोग्राम घेऊन म्हाताऱ्याला निवृत्त करायचा विचार आहे. मला दुकानांचे फोन घ्यायला बसवतील. जागा खिडकीजवळची आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी तिथल्या तिथे तोड काढली. म्हाताऱ्याच्या पोटात पायथन या नव्या, सोप्या भाषेचा इंटरप्रीटर, म्हणजे दुभाषा, बसवायचा. दुकानांच्या अटी कुणीही पायथनमध्ये छोट्या स्क्रिप्ट म्हणून लिहाव्यात, म्हाताऱ्याने त्या आतल्या आत चालवाव्यात. घर माझं, पाहुणा त्यांचा. साहेबांनी शुक्रवार २६ पर्यंत मुदत दिली. जमलं तर म्हातारा राहील. नाहीतर फोन.

संकल्प: रोज लिहिणार.

८ सप्टेंबर, सोमवार

रोज लिहिलं नाही, पण कारण चांगलं आहे. आज जमलं. म्हाताऱ्याने पायथनची एक स्क्रिप्ट चालवली आणि दोन अधिक दोनचं उत्तर खऱ्या लेबलवर छापलं. चार. लेबल या पानावर चिकटवलं आहे.

घरी बायकोला दाखवलं. दोन अधिक दोन चार येण्यात विशेष काय, असं तिने विचारलं. प्रश्न एका भाषेत, गणित दुसऱ्या भाषेत आणि उत्तर परत पहिल्या भाषेत, हे मी नीट समजावून सांगितलं. तिने दूध उतू जाईपर्यंत ऐकून घेतलं. मग दूधही माझ्यामुळेच उतू गेलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

परक्याला घरात घ्यायचं तर आधी नियम हवेत. दिवसभर बसून तेवीस नियम लिहिले. पहिला सगळ्यात महत्त्वाचा: प्रत्येक स्क्रिप्टची शेवटची ओळ एक्झिट असावी. काम झालं की रेंगाळू नये, रीतसर निरोप घेऊन निघावं. माणसांनाही हा नियम लावायला हरकत नाही.

कालची चारवाली स्क्रिप्ट नियमावलीच्या आधीची. तिला मागून नियम लावणं न्यायाचं होणार नाही. तशीच ठेवली.

११ सप्टेंबर, गुरुवार

स्क्रिप्ट लिहायचं काम जिला दिलंय, ती जूनमध्ये दुसऱ्या कंपनीतून आली. वय बत्तीस. टेबलावर कायम स्टीलचा थर्मास, म्हणून तिचं नाव थर्मास पडलं. तिला माहीत आहे, आणि कुणी चुकून खरं नाव घेतलं तर आधी तीच दचकते.

तिने आज एका दिवसात चार स्क्रिप्ट लिहिल्या. माझा अंदाज आठवड्याला एक असा होता. घाई दिसते. तपासल्या, तर एकीच्याही शेवटी एक्झिट नाही. चारही परत पाठवल्या. तिने येऊन विचारलं, स्क्रिप्ट संपली की संपतेच की, मग वेगळी ओळ कशाला. मी नियमावली दिली. 'बरं सर,' म्हणाली आणि पाच मिनिटांत चारही दुरुस्त केल्या.

मला तिचा हेवा वाटतो का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही वाटत. पाच मिनिटं जरा कमीच होती, एवढंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

म्हातारा नाहीसा होतो.

दुसरा शब्द नाही. थर्मासची स्क्रिप्ट सुरू होते, पूर्ण होते आणि त्याच क्षणी म्हातारा पडद्यावरून गायब. एररचा संदेश नाही. कॉम्प्युटरच्या नोंदीत शेवटी शून्य, म्हणजे आमच्या भाषेत 'सगळं ठीक झालं'. सगळं ठीक होऊन माणूस गेला, असं डॉक्टरने सांगावं तसं.

तिच्या कॉम्प्युटरवर त्याच स्क्रिप्ट एकेकट्या छान चालतात. आणि माझी चारवाली स्क्रिप्ट माझ्याकडे अजूनही बिनतक्रार चालते. तेव्हा दोष कुणाचा, हे उघड आहे. पण घाईने निष्कर्ष काढणार नाही.

१६ सप्टेंबर

केबल बदलली. नाहीसा होतो.

१७ सप्टेंबर

अँटिव्हायरस बंद केला. नाहीसा होतो. अँटिव्हायरस परत चालू केला, तर आता तो चारवाल्या स्क्रिप्टवर संशय घेतोय. त्याची समजूत काढण्यात दुपार गेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार. जेवणाच्या सुट्टीत

थर्मासला तिचा थर्मास पलीकडच्या टेबलावर ठेवायला सांगितलं. धातू, उष्णता, वगैरे. ही अंधश्रद्धा नव्हे, प्रयोगाच्या वहीत नोंद केली आहे. तिने उचलून ठेवला. काही फरक पडला नाही. तिला तो परत आणायला सांगायचं राहिलं. पाणी प्यायला आता ती दर वेळी उठून जाते.

मुकादम विचारून गेले, म्हाताऱ्याला पायथन पचतो का. मी म्हटलं, पथ्य चालू आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. घरात बोलणं झालं. विषय असा, की सुट्टीच्या दिवशीही मी हजर नसतो, नुसता दिसतो. मी त्यावर विचार करायला गच्चीत गेलो. तासाभराने खाली आलो, तर बायको तिथेच बसली होती. म्हणाली, "बोलणं अर्ध्यावर टाकून उठून जातोस. भांडलास तरी बरं. मला कळेल तरी काय खुपलं ते."

मी भांडत नाही, हा माझा गुण समजत होतो. विचार करायला हवा. गच्चीत जाऊन.

२४ सप्टेंबर, बुधवार

थर्मासने विचारलं, नियमावली एकदा दोघांनी मिळून वाचू या का. मी सांगितलं, नियमावली पूर्ण झालेली आहे, वेळ शोधकामात घालवू. नंतर वाटलं, जरा तुटक बोललो. म्हणून परत जाऊन तेच हळू आवाजात सांगितलं.

शुक्रवारचा प्रयोग चाचणीच्या मशीनवर न करता चालू कामावर करायचं ठरवलं आहे. चाचणीच्या मशीनला परिस्थितीचं गांभीर्य नसतं. खऱ्या कामावर म्हातारा जबाबदारीने वागेल. सतरा वर्षं ओळखतो मी त्याला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ४

लिहितो. लिहायचं ठरवलं आहे ना.

साहेब, मुकादम, थर्मास आणि मी. पहिला ट्रे ठेवला. स्क्रिप्ट चालली. म्हातारा नाहीसा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा नाहीसा. प्रत्येक खेपेला नोंदीत शून्य, सगळं ठीक. मुकादम हळूच म्हणाले, बसल्या जागी गेला, हाल तरी झाले नाहीत. पट्ट्यावर एकशेचाळीस ट्रे बिनलेबलाचे उभे राहिले. पॅकिंगच्या बायका हाताने चिठ्ठ्या लिहायला बसल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि गेले.

मग थर्मास म्हणाली, "सर, नियम एक काढून बघू?"

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. तिने तोवर शेवटची ओळ पुसली होती. चाललं. दुसरी स्क्रिप्ट, तिसरी, चौथी. चाललं.

एकेकटी स्क्रिप्ट एक्झिट म्हणाली, की एकटीच जाते. पण म्हाताऱ्याच्या पोटातून एक्झिट म्हणाली, की ती आणि म्हातारा वेगळे राहत नाहीत, दोघं मिळून एकच प्रोग्राम. सगळंच बंद होतं. पाहुणा रीतसर निरोप घेत होता आणि जाताना घर घेऊन जात होता. आणि तो निरोप घ्यायला मीच लावला होता. लेखी.

तिला हे कधीपासून माहीत होतं, ते विचारलं नाही. बुधवारपासून, असं वाटतं. थर्मास मी स्वतः उचलून तिच्या टेबलावर ठेवला. रिकामा होता.

तत्त्व म्हणून नियम बरोबरच होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

साहेबांचा निर्णय. फोन नाही. म्हातारा राहणार. पण उलटा. बाहेरचा प्रोग्राम थर्मास पायथनमध्ये लिहिणार आणि माझी जाडीची गणितं तिच्या प्रोग्रामच्या पोटात बसवायची. तिला लागेल तेव्हा ती म्हाताऱ्याला हाक मारेल. सतरा वर्षांचं काम आता तिच्या एका ओळीत येतं. ती ओळ तिने मला दाखवली. सुबक आहे.

एका परीने हा बढतीचाच प्रकार. गाभा कायम आतच असतो. बायकोला हे सांगितलं. ती 'हं' म्हणाली.

३० सप्टेंबर, मंगळवार. रात्री ९

पहिली चाचणी झाली. थर्मासचा प्रोग्राम नाहीसा झाला. संदेश नाही.

ती माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. तुमच्यात कुठे एक्झिट आहे का, एवढंच विचारलं. शोधलं. एकेचाळीस ठिकाणी आहे. नंबर विचित्र आला, एक्झिट. आकडा बसला नाही, एक्झिट. प्रत्येकीशेजारी माझाच सतरा वर्षांपूर्वीचा शेरा: 'शंका आली. आता इथे थांबण्यात अर्थ नाही.' तेव्हा मला हे फार काटेकोर वाटलं होतं.

मी म्हटलं, शंका असताना पुढे जाणं मला पटत नाही. ती म्हणाली, "जाऊ नका ना पुढे. पण सर, निघूनही जाऊ नका. काय बिघडलं ते सांगा फक्त, पुढचं मी बघते."

घरी आल्यावर बायकोला आकड्यासकट सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "एकेचाळीसच?"

मी उठणार होतो. अर्धा उठलोही. मग तिथेच बसलो.

उद्या: पहिली एक्झिट काढणे.