आईच्या आवाजाच्या अकरा फायली

ताई,

कॉम्प्युटर जागेवर दिसला नाही म्हणून घाबरू नकोस, मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेतोय. ऑपरेशनमध्ये आईचा आवाज जायच्या आधी आपण तिचं बोलणं भरून ठेवलं होतं ना, त्या अकरा फायलींपैकी दहा माझ्या हातून गेल्या.

कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत काय टाइप करायचं ते तू कागदावर लिहून दिलं होतंस. पहिलीच ओळ होती mkdir aai, म्हणजे आधी aai नावाचा फोल्डर बनव. मी दीडशहाण्यासारखी ती गाळली आणि mv लिहून एकेक फाईल aai मध्ये हलवत बसलो. फोल्डरच नव्हता, त्यामुळे प्रत्येक फाईलचं नुसतं नाव बदलून aai झालं आणि नवी आली की आधीची पुसली गेली. अकरा वेळा एंटर दाबलं, पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही.

शेवटची तेवढी उरली. तीत आई म्हणते, "झालं का रे तुझं? बंद कर आता." ती टीव्हीखालच्या पेनड्राइव्हवर आहे. बाकीच्यांचा भरवसा दुरुस्तीवाला फोनवर तरी देत नाही.

आईचं चारचं औषध तेवढं दे. तिला मी सगळं सांगितलंय. तिने पाटी ओढली आणि लिहिलं, "बरं झालं. फार बडबड करायचे मी."

तिने पुसायच्या आत मी पाटीचा फोटो काढला. तोही पेनड्राइव्हवर आहे. या वेळी फोल्डर आधी बनवला.

धाकटा