तुझं शनिवारी आलेलं पाकीट

छकुले,

हे तुझ्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या नर्सिंग परवान्याचं पाकीट बुधवारी नाही, शनिवारीच आलं होतं. चार दिवस ते माझ्या उशीच्या अभ्र्यात होतं.

आपण दोघी एकाच कॉलेजात शिकलो आणि इथे, या परक्या देशात, परवान्याचा अर्जही एकाच दिवशी केला. शिरेत सुई घालायला तुला मीच शिकवलं. तुझे कागद एका फटक्यात पास झाले. माझा अभ्यासक्रम जुना, म्हणून इथल्या परवाना कचेरीला प्रात्यक्षिकाच्या तासांचा दाखला हवा. तो देणाऱ्या मेट्रनबाई केव्हाच वारल्या. कचेरीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "मग त्यांच्याच सहीचं पत्र आणा." मी म्हटलं, "वर जाऊन आणू का?" ती हसलीसुद्धा नाही.

चौदा वर्षं वॉर्ड सांभाळलेली मी इथे चादरी बदलते. तुझं पाकीट हातात आलं आणि माझा नुसता जळफळाट झाला.

बुधवारी तू रडत म्हणालीस, "ताई, माझंही नाकारलं असेल का गं?" तेव्हा "आत्ताच आलं बघ," म्हणत मी ते पुढे केलं. तू ते उघडलंस तेव्हा मला कळलं, हॉस्पिटलात हजर व्हायची मुदत शुक्रवारीच संपत होती. तू मात्र माझ्या गळ्यात पडलीस.

आज तुझा पहिला दिवस. सकाळी तुझ्या युनिफॉर्मला इस्त्री केली आणि तू अंघोळीला गेल्यावर तो घालून आरशात पाहिलं. मला तो तुझ्यापेक्षा छान बसतो.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई