न मोडलेला हात

गुरुजी,

एकूण मानवजातीने माझ्यावर जो अन्याय चालवला आहे, त्याची दाद तुमच्याशिवाय मागावी कोणाकडे? ज्या साप्ताहिकात मी लोकांची टवाळी करते, त्याच्या संपादकांनी खूश होऊन मला एक मेज दिलं आहे. सागवानी, देखणं, आणि दौतीचं भोक उजव्या कोपऱ्यात. प्रत्येक ओळीला माझा डावा हात अख्खं मेज ओलांडून दौतीपर्यंत जातो आणि येताना कागदावर ठिपके सांडतो. सुताराला बोलावलं, तर तो माझ्याकडेच कीव करून बघतो. "बाई, भोक तं तिथंच राह्यते." झालं, निकाल लागला.

तो गेल्यावर मी मनाने तुमच्या शाळेत जाऊन बसले. शेणाने सारवलेली जमीन, मुलांच्या रांगेपासून हातभर दूर आम्हा तीन मुलींची गोणपाटं, आणि उजव्या हाताने काढलेली माझी अक्षरं, वखराला जुंपलेला गोऱ्हा बुजून पळावा तशी. तुम्ही छडी घेऊन मागे उभे. डाव्या हाताने लिहिलं की तीच अक्षरं शहाण्यासारखी ओळीत बसायची. तुम्ही बघायचात आणि दुसरीकडे वळायचात. बाबांनी मात्र ठणकावलं होतं, "खरकट्या कामाच्या हातानं सरस्वती लिवते का? डिप्टीसाहेब येतीन, तवा ह्या हातानं लिवतानी दिसली, तं त्याच दिशी पाटी बंद. कापूस येचाले लावतो."

शाळा तपासणारे डिप्टी वाशीमहून बैलांच्या दमणीतून उद्या येणार, आणि शाळा सुटताना तुम्ही मला थांबवता.

"हे पाय पोरी, तू आज ओट्यावरून पडली."

"नाही जी, गुरुजी."

"पडली म्हनतो ना मी. उजवा हात मोडला. आता लिवशीन कोनत्या हातानं?"

मी डावा दाखवला.

"मंग झालं तं!"

तुम्ही हळदीचा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावल्या, स्वतःच्या उपरण्याची पट्टी फाडून हात गळ्यात अडकवला. इतकं सुबक काम तुम्ही फळ्यावर कधी केलं नव्हतं.

घरी माय ऊर बडवायला लागली. "माय वो, आता हिले करून घीन कोन?" आणि सकाळी बाबा शाळेच्या दारात. "मास्तर, पोरगी शिकाले धाडली होती का मोडाले? एक लेकरू सांभाळता येत नाही, अन् पगार घेता सरकारचा!" अख्खी शाळा बघते आहे. ज्यांच्या खाकरण्याने आम्ही गार व्हायचो, ते तुम्ही हात जोडून म्हणता, "चुकलो जी. माहं ध्यान नोहतं." डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघता: रडशील, पण बोलू नकोस.

डिप्टीसाहेबांनी माझी पाटी उचलून धरली. हात मोडला असताना डाव्याने एवढं वळणदार? बाबांना बोलावून बजावलं, या मुलीला शाळेतून काढू नका. बाबांसाठी देव आणि डिप्टी यांत फार अंतर नव्हतं. धनजकडचा हाडवैद्य आला, माझा धडधाकट हात दाबून म्हणाला, "दोन जागी मोडलं हाय." तज्ज्ञांबद्दलचा माझा आदर तेव्हापासूनचा आहे. पट्टी सुटली तोवर बाबा थकले होते. "लागली डाव्याची सवय, आता राहू द्या." त्यावर माझं पुढचं सगळं चाललं आहे.

पण तुमची बदली झाली, तुम्ही गेलात, तरी आमच्या ओसरीवर त्या मास्तराने पोरीचा हात मोडला तो मोडलाच. आल्यागेल्याला पाण्याबरोबर ही गोष्ट मिळायची. मी ऐकत राहायचे. आधी पाटी जाईल म्हणून, नंतर सवयीने.

परवा गावी गेले. नवे मास्तर भेटायला आलेले, आणि बाबा सुपारी कातरत त्यांना तुमच्यावरून ताकीद देताहेत. मी म्हटलं, "बाबा, हात मोडलाच नव्हता." आणि सगळं सांगितलं.

अडकित्ता थांबला. "मंग त्या वैद्यानं कोनतं हाड जोडलं?"

"ते त्यालाच माहीत."

"पायलीभर ज्वारी देल्ली होती त्याले." अर्धी कातरलेली सुपारी त्यांनी खाली ठेवली. मग, "अन् मास्तराले मी चारचौघांत बोललो." शेवटी ते नव्या मास्तरांकडे वळले. "आमच्या मास्तराची काही चुकी नोहती, बरं का जी. पोरीसाठी केलं त्यानं. कोनी इचारलं तं असंच सांगजा."

नवे मास्तर मान हलवत उठले. मला छातीवरून कोणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं.

हे टपालात टाकण्याजोगं नाही, मेजातच राहील. एक मात्र तुम्हाला सांगते, लोकांना सांगणार नाही. बाबांशी बोलत होते तेव्हा माझा डावा हात पदराखाली होता. कधी गेला, मला कळलंच नाही.